न उघडलेल्या फायली कोण वाचतंय?

लिनक्स वापरणाऱ्याने ‘कॉम्प्युटर फार मंद झालाय’ अशी तक्रार केली, की जाणकारांकडून बहुधा एकच सल्ला मिळतो: डेस्कटॉपचं इंडेक्सिंग बंद करून टाक. सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो आणि गुणही लगेच येतो. पंखा शांत होतो, डिस्कचा दिवा विझतो, माउस पुन्हा हाताबरोबर हलू लागतो. काही महिन्यांनी त्याच माणसाला एक जुना करारनामा हवा असतो. फाईलचं नाव आठवत नाही, आतलं एक आडनाव मात्र पक्कं आठवतं. ते आडनाव तो शोधखिडकीत टाकतो आणि उत्तर येतं: काही सापडलं नाही. करारनामा डिस्कवरच असतो. तो सापडण्याची सोय आपणच बंद केली होती, हे मात्र तोवर विसरलेलं असतं.

हे पुस्तक त्या सल्ल्याशी वाद घालण्यासाठी लिहिलं आहे. इंडेक्सर कधीच बंद करू नये असं माझं म्हणणं नाही. काही यंत्रांवर तो बंदच असलेला बरा. म्हणणं एवढंच, की बंद करण्याआधी त्याला एक प्रश्न विचारावा: तू या क्षणी नेमकं काय वाचतो आहेस? मी पाहिलेल्या मंद यंत्रांपैकी बहुतेकांवर या प्रश्नाचं उत्तर एखाद्या फोल्डरच्या किंवा एखाद्याच फाईलच्या नावात मिळालं आहे.

एका छोट्या प्रकाशनासाठी अक्षरजुळणी करणाऱ्या मित्राच्या घरी हे मला पहिल्यांदा नीट उमगलं. जुना डेस्कटॉप, ४ जीबी मेमरी, फिरती हार्ड डिस्क. रोज सकाळी साडेनऊला यंत्र सुरू व्हायचं आणि अकरापर्यंत त्यावर एक पान धड जुळवता यायचं नाही. अकरानंतर सगळं सुरळीत. मेमरी वाढवायचं त्याने ठरवलं होतं, पैसेही बाजूला काढले होते. आम्ही शेजारी बसलो आणि दर पाच मिनिटांनी इंडेक्सरने कोणती फाईल उघडली आहे ते वहीत लिहीत गेलो. पाचव्या नोंदीलाच उलगडा झाला. सगळ्या फायली ‘बॅकअप’ नावाच्या फोल्डरमधल्या, त्यातही त्या दिवसाच्या तारखेच्या उपफोल्डरमधल्या. यंत्र सुरू झालं की एक छोटी स्क्रिप्ट सगळं काम नव्या तारखेच्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवायची. मित्राच्या लेखी ती कालच्याच कामाची प्रत होती. इंडेक्सरच्या लेखी हजारो नव्या, कधीच न पाहिलेल्या फायली. तो रोज त्या इमानाने वाचत होता. बॅकअपचं फोल्डर वगळण्याच्या यादीत घातलं, बस. शोध चालू राहिला, सकाळ मोकळी झाली आणि मेमरीचे पैसे वाचले.

आता इंडेक्सर करतो काय, ते सांगायला हवं. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते: अमुक शब्द कोणकोणत्या पानांवर आला आहे त्याची. सूची नसेल तर एका शब्दासाठी सगळा ग्रंथ चाळावा लागतो. डेस्कटॉपवरचा इंडेक्सर अशीच सूची तुमच्या सगळ्या फायलींची बनवतो. त्यासाठी त्याला प्रत्येक फोल्डरमध्ये शिरावं लागतं, प्रत्येक ओळखीची फाईल उघडून तिच्यातला मजकूर काढावा लागतो, आणि मग काही बदलतंय का यावर कायम लक्ष ठेवावं लागतं. गावोगावची ग्रंथालयं मोजदादीसाठी चार दिवस बंद ठेवतात, दारावर तशी पाटी लागते. इंडेक्सरला ती मुभा नाही. वाचक आत-बाहेर करत असताना, पुस्तकं हलत असतानाच त्याला मोजदाद करायची असते. सगळ्या अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

खर्चाचा अंदाज येण्यासाठी थोडं गणित. लॅपटॉपमधली फिरती डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साधारण ५.६ मिलिसेकंद थांबावं लागतं. टोक योग्य पट्टीवर सरकण्याचा वेळ वेगळा. विखुरलेल्या जागा वाचायच्या तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक हेलपाटे घालते. होम फोल्डरमध्ये २ लाख फायली असतील आणि प्रत्येकीला एकच हेलपाटा धरला, तरी ३३ मिनिटं झाली. प्रत्यक्षात एकेका फाईलला अनेक हेलपाटे लागतात, आणि तेवढ्यात तुम्ही ब्राउझर उघडलात तर त्याचेही हेलपाटे त्याच रांगेत उभे राहतात. एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंच्या संख्येने करते. म्हणून जुन्या यंत्रावरचा असह्य प्रकार नव्या यंत्रावर कुणाच्या ध्यानीही येत नाही, आणि ज्यांच्याकडे नवी यंत्रं आहेत त्यांना जुन्यावाल्यांची तक्रार खोटी वाटते. ती खोटी नसते.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो. ‘पण इंडेक्सर तर सगळ्यात कमी प्राधान्याने चालतो ना?’ चालतो. नाइसचा, म्हणजे प्राधान्याचा, आकडा १९ असलेल्या प्रोसेसला इतर कामं चालू असताना प्रोसेसरचा अगदी थोडा वाटा मिळतो. पण नाइस ही प्रोसेसरच्या रांगेतली शिस्त आहे, डिस्कच्या रांगेतली नव्हे. डिस्कसाठी आयओनाइस नावाची वेगळी सोय आहे आणि तिच्यात ‘रिकामा वेळ असेल तरच’ असा वर्गही आहे. मात्र तो वर्ग पाळायचा की नाही, हे कर्नलमध्ये डिस्कची रांग कोण लावतंय यावर ठरतं. जुना सीएफक्यू शेड्युलर तो पाळायचा. २०१९ मध्ये आलेल्या कर्नल ५.० मध्ये तो काढून टाकला गेला. बीएफक्यू पाळतो. वेगवान एनव्हीएमई डिस्कवर बहुधा कोणताच शेड्युलर नसतो, तिथे आयओनाइसचा काही परिणाम होत नाही.

मेमरीचं तर प्राधान्य वगैरे काहीच नसतं. लिनक्स नुकत्याच वाचलेल्या फायली मोकळ्या मेमरीत ठेवून देतो, म्हणजे पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत जायला नको. इंडेक्सर एका दमात हजारो फायली वाचतो तेव्हा त्या फायली ही जागा व्यापतात, आणि तुमच्या रोजच्या कामाच्या गोष्टी बाहेर ढकलल्या जातात. इंडेक्सर थांबून दहा मिनिटं झाली तरी लिबरऑफिस उघडायला वेळ लागतो तो यामुळे. अशा वेळी चालू प्रोसेसची यादी दाखवणारा टॉप उघडून पाहिलं तर काहीच सापडत नाही. गुन्हेगार केव्हाच निघून गेलेला असतो, मागे राहिलेली नासधूस तेवढी दिसते.

टॉपबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण पुष्कळ लोक तिथेच चकतात. वर उजवीकडे लोडचे तीन आकडे असतात. प्रोसेसर ९० टक्के रिकामा आणि लोड मात्र ६ किंवा ८, असं दिसलं की माणूस गोंधळतो. लिनक्स लोड मोजताना प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या प्रोसेसबरोबर डिस्कची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसही धरतो. म्हणून लोड जास्त आणि प्रोसेसर रिकामा याचा अर्थ बहुधा एकच: खोळंबा डिस्कपाशी आहे. त्याच पडद्यावर ‘डब्ल्यूए’ नावाचा आकडा असतो, तो याची साक्ष देतो. २०१८ च्या अखेरीस आलेल्या कर्नल ४.२० पासून याहून चांगली सोय मिळाली आहे. ‘प्रेशर’ नावाच्या नोंदींत प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपायी कामं किती वेळ खोळंबली, याची टक्केवारी कर्नल स्वतःच देतो. माझ्या मते निदानाची सुरुवात तिथून व्हावी, टॉप त्यानंतर.

या सगळ्याला एक इतिहास आहे. तो ठाऊक नसला तर जुने सल्ले नव्या यंत्रावर लावण्याची चूक होते.

युनिक्सवर फाईलचं नाव शोधण्याची सूची १९८३ पासून आहे. जेम्स वुड्स यांनी तेव्हा लोकेटची मूळ कल्पना मांडली: रात्री सगळी डिस्क फिरून नावांची आटोपशीर यादी करायची आणि दिवसा त्या यादीत शोधायचं. यादी करणारा अपडेटडीबी आजही अनेक यंत्रांवर रोज चालतो. रात्री बंद असणाऱ्या घरगुती यंत्रावर तो सकाळी, यंत्र सुरू झाल्या झाल्या चालतो, आणि त्याचा आरोप बिचाऱ्या दुसऱ्याच इंडेक्सरवर येतो. पण लोकेटला फक्त नावं कळतात, आतला मजकूर नाही.

मजकुराचा शोध लिनक्सच्या डेस्कटॉपवर आणला बीगलने. २००४ च्या सुमारास नॉव्हेलमधल्या मंडळींनी तो मोनो या प्लॅटफॉर्मवर लिहायला घेतला. फाईल बदलल्याबरोबर सूचीत यावी ही त्याची गरज होती, आणि त्या काळी कर्नलकडे असलेली डीनोटिफाय ही सोय त्याला फार तोकडी होती. रॉबर्ट लव्ह आणि जॉन मॅककचन यांनी केलेलं आयनोटिफाय २००५ मध्ये कर्नल २.६.१३ मध्ये आलं. आज फोल्डरमध्ये नवी फाईल पडताच खिडकीत दिसते, त्यामागे हीच यंत्रणा आहे. बीगलची मदतनीस प्रोसेस प्रोसेसर आणि मेमरी खाते, ही तक्रार त्या वर्षांत सर्वत्र ऐकू येत असे. बीगल गेला, आयनोटिफाय राहिलं.

मग ग्नोम डेस्कटॉपचा ट्रॅकर. उबुंटूच्या २००७ सालच्या ७.१० आवृत्तीत तो आपोआप चालू होता आणि पुढच्या ८.०४ आवृत्तीत त्याचं इंडेक्सिंग मुळात बंद ठेवावं लागलं. ट्रॅकर मात्र टिकला, सुधारला, नोकियाच्या एन९०० फोनमध्येही गेला. २०२४ मध्ये त्याचं नाव बदलून लोकलसर्च झालं. ‘ट्रॅकर बंद करा’ सांगणाऱ्या आज्ञा नव्या ग्नोमवर चालत नाहीत त्या म्हणून.

केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या बाजूला गोष्ट अधिक मोठ्या स्वप्नाने सुरू झाली. नेपोमुक हा युरोपीय संघाच्या पैशावर २००६ ते २००८ चाललेला संशोधनप्रकल्प. फाईल, तिची लेखिका, तिने पाठवलेली ईमेल आणि ज्या बैठकीसाठी ती लिहिली ती बैठक, या सगळ्यांमधली नातीच साठवायची, म्हणजे माणसाला आठवतं तसं शोधता येईल. या कल्पनेबद्दल मला आजही मनापासून आदर आहे. पण त्यासाठी २०१० च्या सुमारास घरगुती लॅपटॉपवर व्हर्चुओसो नावाचा पुरा डेटाबेस सर्व्हर पार्श्वभूमीला चालवावा लागे. तो भार यंत्रांना झेपला नाही. एप्रिल २०१४ मध्ये केडीई ४.१३ बरोबर बालू आला आणि नेपोमुकची जागा त्याने घेतली. बालूचं उद्दिष्ट साधं होतं: शोध द्यायचा आणि लवकर द्यायचा. तो बराच हलका होता, तरी एक चूक झाली आणि ती मला तांत्रिक चुकांहून मोठी वाटते. पहिल्या आवृत्तीच्या सेटिंगमध्ये तो बंद करण्याचं साधं बटणच नव्हतं. आपलं सगळं होम फोल्डर वगळण्याच्या यादीत टाकलं की तो थांबे, आणि हे कुणीतरी सांगितल्याशिवाय कळत नसे. थोड्याच काळात बटण आलं. पण ज्याच्या घरात आपण काम करतो त्याला ‘थांब’ म्हणता आलं पाहिजे. तेवढं नसेल तर माणूस मिळेल त्या हत्याराने थांबवतो, आणि लोकांनी तसंच केलं.

बालूचंच एक उदाहरण या पुस्तकात पूर्ण प्रकरणभर आलं आहे, कारण मंदपणाचं मूळ किती लांब असू शकतं ते त्यातून दिसतं. तक्रार अशी: यंत्र दर वेळी सुरू केलं की बालू सगळ्या फायली पहिल्यापासून वाचायला घेतो. सूची फुगत जाऊन काही जीबींची होते. शोधलं की एकच फाईल दोनदा, तीनदा दिसते. फायली बदललेल्या नाहीत, जागेवरून हललेल्या नाहीत, मग असं का? इंडेक्सरला फाईलची ओळख नावावरून ठेवून चालत नाही, कारण नाव बदलतं. म्हणून त्याने ओळख ठेवली दोन आकड्यांवर: फाइलसिस्टीमने फाईलला दिलेला आयनोड क्रमांक आणि ती ज्या डिस्कवर आहे तिचा उपकरण क्रमांक. जुन्या एक्स्ट४ फाइलसिस्टीमवर हे छान चाललं. बीटीआरएफएसवर मात्र प्रत्येक सबव्हॉल्यूमला, म्हणजे आतल्या स्वतंत्र विभागाला, यंत्र सुरू होताना एक तात्पुरता उपकरण क्रमांक मिळतो आणि तो दर वेळी तोच असेल याची हमी नसते. फेडोराने ऑक्टोबर २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवर बीटीआरएफएस मूळ निवड म्हणून दिली, ओपनसूसेने मूळ विभागासाठी त्याआधीच. घर तेच, माणसं तीच, पण रात्रीतून गावाचा पिनकोड बदलला, असं झालं. बालूच्या दृष्टीने सगळ्या फायली नव्या होत्या, आणि जुन्या पिनकोडच्या नोंदी तशाच पडून राहिल्या. पुढे फाइलसिस्टीमच्या कायमच्या ओळखीचा आधार घेऊन हे दुरुस्त झालं. दोष इंडेक्सरचा होता की फाइलसिस्टीमचा? दोघेही आपापल्या नियमांनी बरोबर वागत होते. अशा जागा शोधून काढायला चिकाटी लागते, आणि ज्यांनी ‘पुन्हा पुन्हा का?’ हा प्रश्न सोडला नाही त्या वापरकर्त्यांचा या दुरुस्तीत मोठा वाटा आहे.

बालूच्या बाबतीत आणखी एक आकडा लोकांना घाबरवतो. टॉपमध्ये त्याच्या आभासी मेमरीच्या रकान्यात २५६ जीबी दिसतात, आणि यंत्रात मेमरी असते ८ जीबी. बालूची सूची एलएमडीबी नावाच्या साठ्यात असते आणि हा साठा वाढीसाठी पत्त्यांची जागा आधीच राखून ठेवतो. राखीव पत्ते म्हणजे वापरलेली मेमरी नव्हे. त्या रकान्याकडे दुर्लक्ष करा. खरी सूची केवढी आहे ते डिस्कवर पाहा, आणि ती फुगलेली असेल तर पुसून नव्याने करू द्या, कारण एलएमडीबीची फाईल आतलं काढून टाकल्यावरही आपोआप लहान होत नाही. मेमरीवर मर्यादा घालण्याची सोय सिस्टमडी देतं आणि ती चांगली आहे. पण सूची मोठी आणि मर्यादा फार लहान ठेवली तर इंडेक्सर स्वतःच्याच सूचीची पानं पुन्हा पुन्हा डिस्कवरून ओढत बसतो. मेमरी वाचते आणि डिस्कचा जीव जातो.

आयनोटिफायचीही एक अडचण इथेच सांगतो, कारण तिचा संदेश माणसाला भलत्याच दिशेला नेतो. पाळत फोल्डरगणिक ठेवावी लागते, आतल्या उपफोल्डरांसाठी वेगवेगळी. एका वापरकर्त्याला अशा किती पाळती मिळतील याची मर्यादा वर्षानुवर्षं ८,१९२ होती. जावास्क्रिप्टचे दोन-चार प्रकल्प उतरवून घेतले की एवढे फोल्डर सहज होतात. मर्यादा संपली की कर्नल सांगतो: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. माणूस डिस्क तपासतो, तिथे शंभर जीबी मोकळे. संपलेली असते ती पाळतींची जागा. आणि पाळत नाही म्हटल्यावर काही इंडेक्सर सगळे फोल्डर पुन्हा फिरून पाहतात, म्हणजे आणखी मंदपणा. कर्नल ५.११ पासून, म्हणजे २०२१ पासून, ही मर्यादा यंत्राच्या मेमरीप्रमाणे ठरते आणि १० लाखांच्या पुढेही जाऊ शकते. एका पाळतीला ६४-बिट यंत्रावर कर्नलची साधारण १ केबी मेमरी लागते, हे लक्षात ठेवून आकडा वाढवावा.

बाकी नेहमीचे संशयित पुढच्या प्रकरणांत आहेत: सतत लिहिली जाणारी लॉग फाईल, अर्धवट उतरलेला टॉरेंट, व्हर्च्युअल मशीनची प्रतिमा, नेटवर्कवरून जोडलेला दूरचा फोल्डर, आणि ती एक बिघडलेली पीडीएफ, जी उघडताना मजकूर काढणारी प्रोसेस कोसळते, पुन्हा उठते आणि पुन्हा त्याच पीडीएफवर येते.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी मात्र इथे थांबायला हवं, कारण आपल्या यंत्रांवर एक वेगळाच खर्च होत असतो. प्रकाशक, मुद्रक, मासिकांची कार्यालयं, जुने अनुवादक यांच्या डिस्कवर युनिकोडच्या आधीच्या काळातला हजारो पानांचा मजकूर आहे, श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत जुळवलेला. पडद्यावर तो सुरेख मराठी दिसतो. आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांची रास असते, आणि इंडेक्सरला तीच रास दिसते. तो ती मन लावून वाचतो, चिन्हांपाशी तोडतो, त्या तुकड्यांना शब्द समजून सूचीत घालतो. तुम्ही ‘ज्ञानेश्वर’ शोधलंत तर त्यातलं काहीही सापडणार नाही. नुसत्या स्कॅन केलेल्या पुस्तकांची स्थिती आणखी सरळ: मोठ्या फायली, आत मजकूर शून्य. खर्च पूर्ण आणि उपयोग काहीच नाही, असे हे फोल्डर आहेत. ते बेधडक वगळा. त्यांतला जो मजकूर खरोखर लागतो तो युनिकोडमध्ये आणा, मग तो शोधातही येईल.

युनिकोडमध्येही सगळं सरळ नाही. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, सूचीत दोन वेगळे शब्द होतात. इंडेक्सरने ते अदृश्य चिन्ह फालतू समजून काढलं तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातला माणूस समुद्रात पोचतो. युरोपीय भाषांच्या सोयीसाठी अक्षरांवरची जोडचिन्हं गाळण्याची पद्धत आहे. त्या नियमात आपल्या काना-मात्रा-वेलांट्या सापडल्या तर ‘मोर’, ‘मारा’ आणि ‘मर’ एकच होऊन बसतात. तुमचा इंडेक्सर असं करतो का, हे पाहायला दोन मिनिटं पुरतात: एका फाईलमध्ये नुसतं ‘मारा’ लिहा आणि ‘मोर’ शोधा. आपल्या सामान्यरूपांचीही त्याला कल्पना नसते. ‘पाणी’ शोधल्यावर ‘पाण्यात’ सापडत नाही. ‘पाण’ एवढंच टाकलं तर सुरुवात जुळवणाऱ्या इंडेक्सरमध्ये दोन्ही सापडतात.

इंडेक्सर नको, असं मी स्वतः कधी म्हणतो? फिरती डिस्क आणि २ जीबी मेमरी असलेल्या शाळेच्या यंत्रावर नको. सर्व्हरवर नको. ज्याला फाईलचं नाव आणि जागा कायम आठवते त्याला लोकेट पुरतो. ज्याला आठवड्यातून एकदाच खोल शोध लागतो त्याने रिकॉल वापरावा. सांगितल्या वेळी सूची करून तो गप्प बसतो. आणि कूटबद्ध फोल्डर वापरणाऱ्याने विशेष काळजी घ्यावी: तो फोल्डर उघडा असताना इंडेक्सर आत शिरला, तर गुप्त मजकुरातले शब्द बाहेरच्या, कूटबद्ध नसलेल्या सूचीत उतरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये गिटहबमधले संशोधक केव्हिन बॅकहाउस यांनी दाखवलेला दोषही इथे आठवावा. लिबक्यू या छोट्या लायब्ररीतल्या चुकीमुळे, एक फाईल नुसती डाउनलोड झाली तरी ग्नोमवर परका कोड चालू शकत होता, कारण डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडलेली फाईल माणसाने उघडण्याआधीच इंडेक्सर उघडत होता. दुरुस्ती लगेच आली. न उघडलेल्या फायली कोणीतरी उघडतं आहे, याची जाणीव मात्र राहायला हवी.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक करा. आज रात्री लॅपटॉप चार्जरला लावा, झाकण उघडं ठेवा, त्याला झोपू देऊ नका आणि इंडेक्सरला हात लावू नका. पुष्कळ यंत्रांवर पहिली सूची कधी पुरीच झालेली नसते: बॅटरीवर असताना मजकूर वाचणं थांबतं, झाकण मिटलं की सगळंच थांबतं, आणि सकाळी घाईच्या वेळी ते पुन्हा सुरू होतं. अशा यंत्रांचा मंदपणा एका रात्रीत जातो. उद्या सकाळी इंडेक्सर शांत असेल तर हे पुस्तक तुम्हाला सध्या लागणार नाही. अजून वाचतच असेल, तर कोणती फाईल वाचतोय ते पाहा, तिचं नाव कागदावर लिहा, दहा मिनिटांनी पुन्हा पाहा आणि दुसरं नाव त्याखाली लिहा. तो कागद शेजारी ठेवून पहिलं प्रकरण उघडा.